हिरवी टिकली

ऑरिनने कागदावरची टिकली नखाने उचलली, समोरच्या पुतण्याच्या खांद्यावर अंगठ्याने दाबली आणि धक्क्यावरून लाँचवर जाणाऱ्या फळीकडे मान हलवली.

"पिवळी. ट्वेटन. चल पुढं."

टिकल्या दुकानातल्या होत्या. घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकताना किमती चिकटवायला आणलेल्या, त्यातल्या उरलेल्या. पिवळी ऑरिनच्या ट्वेटन घराण्याची, हिरवी त्याच्या बायकोच्या, लव्हॉनच्या, माहेरची, हॉव्हलंडांची. मागच्या मेळाव्यात एका गृहस्थाने शेजारच्या माणसाला 'आपण कोण' असं न विचारता दिवसभर त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघताना कळलं, की तो त्याचा सख्खा मेहुणा. विचारणार कसं? विचारलं की विसरल्याची कबुली. छातीवर नाव लिहावं तर तीही कबुलीच. म्हणून मग रंग. रंगाने कोणाला वाईट वाटत नाही.

तळ्याकाठच्या क्लिअरबँकच्या धक्क्यावर जूनमधलं दुपारचं ऊन पडलं होतं. मिनिआपोलिसहून आलेली माणसं डोक्याला टोप्या आणि नाकाला पांढरं मलम लावून आइस्क्रीमच्या रांगेत उभी होती. पलीकडे, हातभर अंतरावर, ह्याच कंपनीची दुसरी लाँच उभी होती. तीही पांढरी, तीही दोनला सुटणारी. ती तिकीट काढून तलाव बघायला येणाऱ्यांची. ही लव्हॉनच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी भाड्याने घेतलेली.

लव्हॉन सँडविचच्या ताटावरचं झाकण उघडून पुन्हा लावत होती. चौथ्यांदा. तिची नजर मोटारींच्या तळावर होती.

"येतील," ऑरिन तिच्याकडे न बघता म्हणाला.

"कोण?" लव्हॉन म्हणाली.

ऑरिनने पुढची टिकली उचलली.

कोण ते दोघांनाही ठाऊक होतं. लव्हॉनचा थोरला भाऊ डेलमर अकरा वर्षांत तिच्याशी बोलला नव्हता. भांडण असं झालंच नाही. ह्यांच्याकडे भांडणं होत नाहीत, नाताळची कार्डं यायची थांबतात. आई गेली तेव्हा निधनाची बातमी लव्हॉनने लिहिली. आईच्या पश्चात मुलगा, मुलगी, जावई, सून, नातवंडं, सगळी नावानिशी. फक्त डेलमरच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी, जनेल, तेवढी त्यात नव्हती. वर्तमानपत्रवाल्यांनी ओळ गाळली, लव्हॉनने सांगितलं. डेलमरने मान डोलावली, आणि पुढच्या नाताळात कार्ड आलं नाही.

ह्या हिवाळ्यात डेलमरची बायको गेली. तिची बातमी जनेलने लिहिली होती, आणि तिच्या पश्चात कोण कोण त्या यादीत छापलं होतं: नणंद लव्हॉन. स्पेलिंगसुद्धा बरोबर. लव्हॉनने तो कागद कापून आठवडाभर मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि मग डेलमरला हाताने पत्र लिहिलं. या, आणि जनेललाही आणा. उत्तराला तीन शब्दांचं कार्ड आलं. *बघू. पोरीला विचारतो.* ह्या मुलखात 'बघू'चा अर्थ 'नाही' होतो, आणि कधी कधी, फार क्वचित, 'हो'सुद्धा.

दोनला पाच मिनिटं असताना एक तरुण जोडपं धावत धक्क्यावर आलं. बाईच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या. फळीपाशी येऊन ती दम खात थांबली. जनेलला लव्हॉनने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, तेही तिच्या सतराव्या वर्षी, केस जांभळे रंगवलेले असताना. ही तिशीच्या आतबाहेरची. उंची तीच. हनुवटी... हनुवटी असेल तीच.

"दोनची ना ही?" बाईने ऑरिनला विचारलं.

"दोनची."

"उशीर तर नाही झाला?"

ऑरिनने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉनच्या हातातलं झाकण ताटावर नीट बसेना. तिने मान हलवली. ऑरिनने हिरव्या टिकल्यांचा कागद काढला, एक बाईच्या खांद्यावर लावली, एक नवऱ्याच्या, आणि एक, कोणी न सांगता, बाळाच्या टोपीवर.

डेलमर आला नाही, पण पोरीला पाठवलं. लव्हॉनला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर त्याच्या येण्यापेक्षा हेच जास्त होतं.

लाँच सुटली. कप्तान ग्लेन कर्ण्यावरून बोलू लागला. वाढदिवस असो की बारसं, त्याचं भाषण एकच. डाव्या हाताला पिठाच्या बड्या गिरणीमालकांचे बंगले, उजव्या हाताला जुनं हॉटेल जिथं उभं होतं ती जागा, पुढं बगळ्यांचं बेट, जिथं आता बगळे राहत नाहीत, कारण तळ्याकाठचं भाडं त्यांनाही परवडेना. ट्वेटन मंडळी तीस वर्षं हा विनोद ऐकत आली होती आणि तीस वर्षं हसत आली होती. नवी पोरगी मात्र खरोखरीची हसली, कठड्याला ओणवून बाळाला पाणी दाखवू लागली. तिचा नवरा दर बंगल्याचा फोटो काढत होता.

लव्हॉनने तिला सँडविच दिलं. मग काकडीचं लोणचं दिलं. मग खिम्याचा हॉटडिश, वर कुरकुरीत बटाट्यांचा थर असलेला, कडेचा तुकडा बघून दिला. पोरगी थाळी हातात घेऊन जरा गोंधळली.

"पाहुण्यांचं किती करता हो तुम्ही इथं," ती म्हणाली.

लव्हॉनला तो शब्द लागला. पाहुणी. बरोबर आहे, तिने मनात म्हटलं, आपणच तिला पाहुणी केलं. ती बाळाचं लाळेरं सरळ करत राहिली.

तिकडे लिंबाच्या वड्यांच्या ताटात शेवटची वडी उरली होती. कोणीतरी तिची अर्धी केली, कोणीतरी त्या अर्ध्याची अर्धी. रिवाजच तो, शेवटचा घास कोणी घ्यायचा नसतो, ताट धुवायला जाईपर्यंत त्याचे भागच पडत राहतात. एवढ्यात पोरीचा नवरा आला, उरलेला तुकडा त्याने सबंध उचलला, तोंडात टाकला आणि ऑरिनकडे बघून छान म्हणून अंगठा उंचावला. ऑरिन त्या रिकाम्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिला.

बेटाला वळसा घालताना सगळी मंडळी सावलीच्या बाजूला गेली. उन्हाच्या बाजूच्या बाकावर लव्हॉन आणि पोरगी, दोघीच उरल्या.

"जरा घेऊ का ह्याला?" लव्हॉनने विचारलं.

बाळ तिच्या मांडीवर आलं आणि त्याने पहिल्यांदा तिच्या चष्म्याची दोरी पकडली, मग करंगळी. लव्हॉनने घरून तीन वाक्यं पाठ करून आणली होती. आवराआवर झाल्यावर, सगळे पांगल्यावर बोलायची होती. पण बाळाच्या मुठीला अशी काही पकड होती की ती वाक्यं विसरून गेली.

"वर्तमानपत्रवाल्यांनी ती ओळ गाळली नव्हती," ती म्हणाली.

पोरगी तिच्याकडे बघू लागली.

"मी सगळ्यांना तसंच सांगत आले. ओळ मी लिहिलीच नव्हती. आईच्या पश्चात कोण कोण, ते लिहिताना तुझ्यापाशी आले आणि पेन थांबलं. मनात म्हटलं, ही काही आपली नव्हे. आणि पुढचं नाव लिहिलं. इतकंच झालं. एवढंसं." तिने अंगठा आणि तर्जनीत किती ते दाखवलं. "आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तू पुढच्या बाकावर होतीस. तीच यादी छापलेला कागद वाचत होतीस. पहिल्यांदा वाचलास, मग पालटून मागची बाजू बघितलीस. तिथं तरी असेल म्हणून. ते मी पाहिलं."

पाणी लाँचच्या पोटाला थपथप लागत होतं. पोरीने बोलायला तोंड उघडलं, आपल्या खांद्यावरच्या टिकलीकडे पाहिलं, आणि मिटलं. मग तिने आपला हात लव्हॉनच्या हातावर ठेवला, बाळाची मूठ मध्येच होती.

"फार जड गेलं असेल हे बोलायला, मॅम."

"अकरा वर्षं," लव्हॉन म्हणाली. डोळे पुसायला बाळाचं लाळेरंच हाताशी होतं, तेच तिने वापरलं. छातीवरून कोणीतरी कपाट हलवलं असावं तसं तिला झालं. जरा वेळाने मात्र तो 'मॅम' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा टोचू लागला. हॉव्हलंडांची पोर आत्याला मॅम कशाला म्हणेल?

लाँच पुलाखालच्या अरुंद वाटेत शिरली. समोरून दुसरी पांढरी लाँच येत होती. पाण्यावर माणूस दिसला की हात हलवायचा, हा इथला कायदा. दोन्हीकडचे हात वर झाले, पोरंसोरं ओरडली, कर्णे वाजले. दुसऱ्या लाँचच्या कठड्यापाशी गुरांच्या चाऱ्याच्या दुकानाची टोपी घातलेला एक म्हातारा शिस्तीत हात हलवत उभा होता. त्याच्या शेजारी तपकिरी केसांची एक उंच बाई. म्हाताऱ्याने लव्हॉनला पाहिलं, आणि त्याचा हात हवेतच राहिला.

दोन्ही लाँच एकमेकींच्या इतक्या जवळून गेल्या की हॉटडिशचं भांडंही पलीकडे देता आलं असतं. मग लव्हॉनने बाळाचा हात धरून हलवला, आणि डेलमरने पुन्हा हात हलवायला सुरुवात केली.

ऑरिन शेजारी येऊन उभा राहिला. "तो डेलमर होता."

"होता."

"मग हे कोण?"

पोरगी लाजून लाल झाली होती. "आम्ही टूसॉनची, ॲरिझोनातली," ती म्हणाली. "मी कॅसिडी, तो माझा नवरा, वेड, आणि हा ओटिस. तिकडं एवढं पाणी एका जागी नसतंच, म्हणून बघायला आलो. तुम्ही टिकली लावलीत, मला वाटलं तेच तिकीट. सँडविच आलं तेव्हा म्हटलं, इथली माणसं चांगली असतात असं ऐकलंच होतं. हॉटडिश आला तेव्हा शंका आली. विचारणारच होते. पण तुम्ही बोलायला लागलात. मग मध्ये कसं थांबवायचं?"

"मला वाटलंच होतं," ऑरिन म्हणाला. "त्यानं शेवटची वडी उचलली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?" लव्हॉनने विचारलं.

"असं कसं बोलणार?"

लव्हॉनला आधी खोकला आला असं वाटलं, पण ते हसू होतं. पोटातून वर येणारं, आवरायला जावं तर खांदे हलवणारं. ओटिस मांडीवर गदगदू लागला आणि त्यालाही हसू फुटलं. कॅसिडी हसली. वेडला काय झालं ते कळलं नव्हतं, तोही हसला.

"एकदा बोलून झालं ना," कॅसिडी डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात. ह्याच्या वेळी कळा सुरू झाल्यावर मला नर्सनं असंच सांगितलं होतं. खोटं निघालं, पण ऐकून बरं वाटलं."

दुसरी लाँच आधीच धक्क्याला लागली होती. उतरलेले लोक आइस्क्रीमकडे गेले होते. डेलमर आणि ती उंच बाई झाडाखालच्या बाकावर बसून होते, दोघांच्या मध्ये भेटीची पिशवी. लव्हॉन जवळ आल्यावर डेलमर उठला आणि त्याने टोपी सारखी केली.

"ऐन दोनला आलो, समोरच्या लाँचवर चढलो, फळीवर कोणी काही विचारलं नाही," तो म्हणाला. "तू दिसली नाहीस. म्हटलं, खालच्या मजल्यावर असशील."

"त्या लाँचला खालचा मजला नाही, डेलमर."

"ते मग कळलं." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "पुन्हा म्हटलं, आम्ही यावं असं तुझ्या मनात नसेल. दीड तास गेला मग. कप्तान चांगला होता."

"बगळ्यांचं भाडं?"

"तेच. हसलो आम्ही."

लव्हॉनने मान डोलावली. तिला त्याच्या बाहीला हात लावायचा होता. तिने बाहीवरचा नसलेला धागा काढला. डेलमरने काढू दिला.

मग ती ऑरिनकडे वळली आणि हात पुढे केला. ऑरिनने हिरव्या टिकल्यांचा कागद दिला. तिने हात तसाच ठेवला. ऑरिनला क्षणभर उमगेना. मग त्याने खिशातलं पेन काढून दिलं.

टिकली लहान होती. पिशवीचा आधार घेऊन, चष्मा नाकावर ओढून लव्हॉनने अक्षरं काढली. पेन गुळगुळीत कागदावर उमटेना, म्हणून तिने प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. 'जनेल' लिहून झालं तरी खाली जराशी जागा उरली, तिथं तिने आणखी बारीक अक्षरांत 'हॉव्हलंड' लिहिलं. दिवसभरात नाव असलेली ही पहिलीच टिकली.

मागे ट्वेटन मंडळी ॲरिझोनावाल्यांना निरोप देत होती. तिसऱ्यांदा, अजून मोटारीपाशी एकदा आणि खिडकीतून एकदा व्हायचा होता. ओटिसच्या टोपीवरची टिकली कोणीच काढली नव्हती.

उंच बाई लव्हॉनच्या बोटाच्या टोकावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होती. वाचून झालं असावं, तरी बघत होती.

"मला तुला एक सांगायचंय," लव्हॉन म्हणाली. "मघाशी सांगितलं, पण भलत्याच माणसाला."

जनेलने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली.