लहानूबाबांचा उजवा पाय

लहानूबाबांच्या उजव्या पायाचा अंगठा ठणकत होता, आणि तो पाय कालच गुडघ्याखालून कापला होता.

पायलला यातले शास्त्र ठाऊक होते. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा लगेच रिकामी होत नाही. ती दुखते, खाजते, हलतेसुद्धा. गेल्या साली नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिने हे वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण ज्याला दुखते त्याला पाय गेल्याचेच माहीत नसेल तर काय करायचे, हे पुस्तकात नव्हते.

मौद्याहून नागपूरला आणले तेव्हा पायाच्या जखमेतले विष अंगभर पसरून बाबा बेशुद्ध होते. सही त्यांच्या मुलाने, रोशनने केली. शुद्धीवर आल्यावर बाबांना एवढेच सांगितले, की जखम साफ केली. चादरीचा भार पडू नये म्हणून पायांवर लोखंडी कमान ठेवली होती, त्यामुळे खाली काय आहे नि काय नाही ते दिसत नव्हते.

"सिस्टर, जरा ताकद येऊ द्या त्याइले," रोशनने हात जोडले होते. "आता सांगसान त जीव सोडतीन."

शिकवणाऱ्या प्रमोदिनी मॅडमनी बजावले, "सांगायचं काम डॉक्टरांचं. तू विद्यार्थिनी आहेस." डॉक्टर राउंडला आले आणि उद्या बोलू म्हणून पुढे गेले.

"काहून वं, तोंड पाडून बसली?" बाबांनी विचारले. "सुई तू मले टोचतं अन् रडू तुले येते? सासरी कशी नांदशीन?"

"सासूलेच सुई लावीन, बाबा."

ते हसले आणि हसता हसता कण्हले. "अंगठा लय ठणकून राहिला. पण बोटं हलून राहिली, बरं हाय. मी त भेलो होतो, कापतेत का काय."

पायल सलाईनची बाटली बदलत राहिली. तिला धास्ती वेगळीच होती. पाय आहे असे ज्याला वाटते, तो कधी ना कधी त्यावर उभा राहायला जातो.

दुपारी तेच झाले. रोशन जेवायला खाली गेला होता आणि पायल पलीकडच्या खाटेजवळ होती. वळून पाहते तो बाबांनी कमानीखालून सरकून, चादर कमरेला गुंडाळून डावा पाय जमिनीवर टेकवलेला, आणि अंगाचा भार उजवीकडे झोकलेला. तिने धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घातला नि त्यांना मागे खाटेवर खेचून बसवले.

"सोड वं. संडासले जाऊन राहिलो."

"बाबा, उजवा पाय नाही आता. काल काढला. विष वर चढून राहिलं होतं."

"मजाक करून राहिली का? हे पाह्य, बोटं हलवतो."

तिने चादर दूर केली. पांढऱ्या पट्टीच्या पुढे खाट रिकामी होती. बाबा तिकडे पाहत राहिले. त्यांच्या मांडीचे स्नायू आवळत होते, सुटत होते, पुन्हा आवळत होते. नसलेली बोटे ते हलवून बघत होते.

रोशन परत आला तेव्हा त्यांनी त्याला शिवी दिली नाही.

"माहा पाय कुठी हाय? माती देल्ली का त्याले?"

रोशनने पायलकडे पाहिले. ऑपरेशन थिएटरच्या दारात त्याला विचारले होते, पाय नेता का म्हणून. तो नको म्हणाला, तेव्हा पायल तिथेच उभी होती. पाय पिवळ्या पिशवीतून बाकीच्या कचऱ्याबरोबर जाळायला गेला.

"देल्ली ना, बाबा. कालच. मायच्या मातीजवळ पुरला."

"जखम साफ केली, हे बी तूच सांगत होता." बाबा पायलकडे वळले आणि त्यांनी तिचा हात धरला. "ही पोरगी खोटं नाही बोलत. तू सांग वं. देल्ली का?"

रोशन तिच्याकडे बघत नव्हता. खाटेचा दांडा त्याने घट्ट पकडला होता.

"हो बाबा," पायल म्हणाली. "देल्ली."

बाबांनी डोळे मिटले. "तिच्याजवळ हाय त ठीक हाय."

हात मात्र त्यांनी सोडला नाही, आणि तिला तो काढून घेता येईना.