आढ्यावरचे शर्ट

आमच्या घराचं छप्पर बदलायला कुणाचीच हरकत नव्हती. छपराचीही नव्हती, ते आधीपासूनच थोडं थोडं खाली येत होतं.

तिहोमिर मिस्त्रीने जुनी कौलं उतरवली, नवे वासे उभे केले आणि आढ्याला दोरी बांधली. आम्हा सर्बांची रीतच आहे: नवं आढं चढलं की सोयरे-शेजारी मिस्त्रीसाठी शर्ट, टॉवेल आणतात, तो ते वर टांगतो आणि देणाऱ्याचं नाव गावभर ओरडतो. दोरी उतरली की मगच कौलं.

"शेजारीण रुझित्साताईंनी टॉवेल आणलाय होऽ!" तिहोमिर वरून ओरडला. "एक कान पुसण्यापुरता आहे! देव त्यांना मोठा टॉवेल देवो!"

संध्याकाळपर्यंत दोरी भरली. "मिलोयेदादा, उतरवू?" त्याने विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "वाऱ्यावर छान दिसतात."

दुसऱ्या दिवशीही छान दिसत होते. तिसऱ्याही. आम्ही चांदण्यांखाली झोपत होतो. आई एका हाताने सूप ढवळायची आणि दुसऱ्या हातात छत्री धरायची, कारण वाशांवर कबुतरं बसायची.

बाबा कुणाची वाट बघतायत ते सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच राहणारा वुकोमानकाका, त्यांचा सख्खा भाऊ. आमच्या अक्रोडाची सावली मिरच्यांवर पडते, अशी त्याची तक्रार होती. बाबा म्हणाले होते, "नको असेल तर परत पाठव." तेव्हापासून कित्येक वर्षं अबोला.

"जाऊन बोलवा ना त्याला," आई म्हणाली.

"कुणाला?" बाबा कुंपणाकडे बघत म्हणाले.

चौथ्या दिवशी आभाळ काळं झालं. "दादा, आज कौलं चढली नाहीत तर घरात मासे पाळा," तिहोमिर म्हणाला.

तेवढ्यात फाटक करकरलं. काका काखेत चौकड्यांचा शर्ट घेऊन आला आणि कुणाकडे न बघता शिडीवरून वर दिला.

"सख्खे भाऊ वुकोमान यांनी शर्ट आणलाय होऽ!" तिहोमिरने तो उलगडला. "कॉलर विरलीय, बटणं हवापालटाला गेलीयत..."

बाबांनी वर पाहिलं. "अरे, हा तर माझा शर्ट!"

"तूच दिला होतास घालायला," काका म्हणाला.

"घालायला! ठेवून घ्यायला नाही!"

"धुऊन तुझ्या अक्रोडाच्या सावलीत वाळत घातला होता. आत्ता वाळला."

पहिला थेंब बाबांच्या नाकावर पडला.

"तिहोमिर, बघतोस काय?" बाबा ओरडले. "दोरी उतरव! कौलं चढव!"

मग दोघे भाऊ रांगेत उभे राहून कौलं वर देऊ लागले, शर्ट नक्की कुणाचा यावर भांडत. स्वयंपाकघर झाकलं गेलं तशी आईने छत्री मिटली आणि एक वाडगा जास्तीचा काढला.

काकाने सूप चाखलं. "मीठ जास्त झालंय."

"नको असेल तर परत पाठव," बाबा म्हणाले आणि त्याच्यापुढे पाव सरकवला.