उजळलेलं घंगाळ

सोजराबाई कुणाचं ऐकायची नाही असं नाही. ऐकायची, पण चाळणीतून. हवं तेवढं वर राखायचं, बाकीचं खाली सांडून द्यायचं. गावात पाटलाचं घर एक आणि त्या घरात जीभही एकच, मग दुसरं होणार काय?

तिच्या धाकट्या लेकीचं, तानूचं, लग्न संग्रामपूरच्या घरात ठरलं. सोयरीक तोलामोलाची. पण साखरपुड्याला विहीण आली, अन्नपूर्णाबाई. विहिरीच्या पाण्याचा एक घोट घेतला आणि पदरानं ओठ पुसत चारचौघींत म्हणाली, "पानी हाये का मिठाचा काढा? आमची गुरंबी तोंड नाही लावनार याले."

पूर्णाकाठचं पाणी खारंच. सोजराबाईला ते ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. त्याच दिवशी तिनं मनाशी गाठ मारली. लग्नात या बाईच्या घशाखाली असं काही उतरवीन की आयुष्यभर नाव काढेल.

लग्न वैशाखातलं, साल लढाईचं. नांदुऱ्याच्या बाजारात लिंबू औषधाला मिळेना, आणि खाऱ्या पाण्यावर लिंबाचं झाड गावात कधी जगलंच नव्हतं. साखर कंट्रोलची. शेवटी थोरला जावई चिंतामण धावून आला. तो नांदुऱ्याला सोडावॉटरच्या कारखान्यात होता. मॅट्रिक झालेला, बोलायला लागला की थांबायचा नाही, पण माणूस सरळ. त्यानं साखर मिळवली, गुलाबाचा अर्क आणला, आणि काचेच्या बुचाची एक बाटली आणली. आत पाकासारखं दाट, पण पाण्यासारखं नितळ काहीतरी होतं.

"हे फॉस्फरिक ॲसिड, मामी. लिंबाच्या जागी हे घालायचं. गोळीच्या बाटलीतलं लेमन तुम्ही प्यालात ना, आमच्याकडे त्यात आंबटपणा याचाच असतो."

"तेजाब?" सोजराबाई दोन पावलं मागं सरली. "सोनार वापरते थे? लेकीच्या लग्नात तेजाब पाजता का जावईबापू?"

"सोनाराचं वेगळं. याची जात आपल्या हाडांतसुद्धा असते. दाताचे डॉक्टर दात भरायच्या सिमेंटात हेच कालवतात. आणि हे बघा." कोपऱ्यातला गंजका विळा घेऊन त्यानं त्यावर काडीनं थेंब सोडले, थोडं थांबला, चिंधीनं पुसलं. चिंधी तांबडी झाली आणि विळ्याचं पातं डोळा उघडावा तसं लकाकलं.

सोजराबाईनं डोळे बारीक केले. "लोखंडाचा जंग खाते अन् मानसाचं आतडं सोडते? आतडं काय विळ्याहून टनक हाये?"

"म्हणूनच मापानं, मामी. पुष्कळ पाण्यात थोडंसं. नुसतं अंगावर सांडलं तर भाजेल, डोळ्यात उडालं तर डोळा जाईल. पाण्यात हे ओतायचं, यात पाणी ओतायचं नाही. आणि शरबत ठेवायचं काचेत, नाहीतर चिनी मातीत. तेवढं मोठं भांडं नसेल तर रांजणात ठेवा. धातूचं भांडं मात्र बिलकुल नको."

माप, डोळा, भाजणं, सगळं तिनं धरून ठेवलं. रांजणाशी मात्र ती अडली. व्याह्यांना मातीच्या रांजणातून वाढायचं? म्हणजे अन्नपूर्णाबाईच्या जिभेला आयतं कोलीतच. पानी खारं अन् भांडं कुंभाराचं, म्हणेल. धातूचं वाक्य तेवढं चाळणीतून खाली सांडलं.

घरात तांब्याचं घंगाळ होतं. सोजराबाईच्या माहेरचं, रोहिणखेडहून आलेलं. उचलायला दोन गडी लागायचे. आतली कल्हई मात्र पार उडाली होती. फाल्गुनात कल्हईवाला आला, भाता मांडला आणि हात झटकून बसला. "कथील नाही पाटलीनबाई. कथील लढाईवर गेलं."

उघड्या तांब्यात ताक, चिंच, आमसूल ठेवायचं नाही, कळकतं, हे सोजराबाईला पाळण्यातच कळलेलं. त्या घंगाळात ताक ओतणाऱ्या सुनेला तिनं उभं चिरलं असतं. पण यात ना ताक होतं, ना चिंच, ना लिंबू. आंबट म्हणजे काय, ते झाडाला लागतं नाहीतर विरजणात येतं. बाटलीतलं आंबट तिच्या हिशेबी आंबटच नव्हतं. आणि जावई गेला होता वऱ्हाडाच्या तयारीला. विचारायचं कुणाला, आणि विचारायचं तरी कशाला?

लग्नाच्या आदल्या सांजेलाच शरबत झालं. रात्रभर ओलं गोणपाट गुंडाळून गार करायचं ठरलं. चिंतामणनं सांगितलेलं माप घंगाळापुढं तिला केविलवाणं वाटलं. "यवढ्या घंगाळाले यवढंसं? मुंगीचं बारसं हाये का हे?" म्हणत तिनं बाटली आणखी कलती केली. खारं पाणी जरा फसफसलं आणि निवांत झालं. चव कुणी घेतली नाही. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय लग्नघरातला घोट उष्टा करायचा नाही, ही त्या घरची रीत.

सकाळी गड्यांनी वरचं शरबत तपेल्यांत काढलं, तसं घंगाळ आतून दिसायला लागलं. वरची कड जुनी, काळपट. आणि जिथवर शरबत होतं तिथवर तांबं नव्या नवरीच्या गालासारखं उजळलेलं.

"पाह्य व शालू," सोजराबाईनं नणंदेला हाक मारली. "हात लागला नाही अन् घंगाळ कसं झालं!"

शालूबाई विधवा, दिवसातून चार शब्द बोलायची. तिनं वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उजळलं खरं वयनी. पन जे निघालं, थे गेलं कुठं?"

"तुह्या डोक्यात. बाईनं शुभकार्यात तोंड उघडलं की कावळाच बाहेर पडते."

सोजराबाई पुन्हा एकदा घंगाळात वाकली, पण तोवर वेशीवर वाजंत्री वाजायला लागली होती.

नैवेद्याची वाटी देवीपुढून नवरीकडं जायची. तानूला सकाळपासून उपास, घशाला कोरड. तिनं वाटी एका दमात संपवली, आणखी मागितली, आणि कुणीतरी कौतुकानं पेला भरून दिला.

मांडवात वऱ्हाड बसलं. बैलगाडीच्या धुळीनं सगळ्यांचे चेहरे राखेचे झालेले. सोजराबाई स्वतः पेल्यांचं ताट घेऊन विहिणीपुढं आली.

"घ्या इहीनबाई. मिठाचा काढा."

अन्नपूर्णाबाई हसली. पेला उजेडात धरून तिनं रंग पाहिला. "रंग तं झ्याक हाये व. आता पाहू, चवबी हाये का नुसता रंगच."

शेजारी नवरदेवाचे थोरले काका बसले होते, नारायणराव. साधा, थकलेला माणूस. त्यांनी आपला पेला उचलला.

तेवढ्यात शालूबाई मागून आली आणि कानाशी लागली. "वयनी, तानू ओकून राह्यली. हिरवंनिळं पडून राह्यलं. म्हनते, तोंडात पैसा चघळल्यावानी लागते. पोट धरून लोळून राह्यली पोरगी."

सोजराबाईला सगळं एकदम कळलं. घंगाळ कशानं उजळलं तेही, आणि उजळताना निघालेलं कुठं गेलं तेही. समोर साठ माणसं बसलेली. आता तोंड उघडायचं म्हणजे पाटलाच्या घरानं व्याह्यांना विष वाढलं, हे आपल्या तोंडानं सांगायचं. गाड्या उलट्या फिरतील. हळद लागलेली तानू घरी राहील. तिची जीभ, जी आयुष्यात कधी अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटली.

तेवढ्या वेळात नारायणरावांनी पेला रिकामा केला. तोंड जरा वेडंवाकडं झालं, पण पाहुण्याच्या रीतीनं "गार हाये, बेस हाये" म्हणत त्यांनी दुसरा घेतला आणि तोही संपवला.

अन्नपूर्णाबाईचा पेला ओठाला लागला, तशी सोजराबाईनं हाताच्या फटक्यानं तो उडवला. विहिणीचं लुगडं भिजून गेलं.

"पेऊ नोका! कोनीच पेऊ नोका! माह्या हातानं इख झालं."

चिंतामण धावत आला. घंगाळ पाहिलं आणि उजळलेल्या तांब्यावरून बोट फिरवलं. "मामी, तांब्यात? ॲसिडानं कुणाचं काही बिघडलं नसतं. त्यानं रात्रभर तांबं खाल्लं, आणि तेच यात उतरलं." मग दूध आणा, अंड्याचा पांढरा बलक आणा म्हणून ओरडत सुटला. तानूला दूध पाजलं. पोटातलं सगळं आधीच बाहेर पडलं होतं. ती पांढरीफटक, पण शुद्धीवर होती. नारायणराव मात्र खांबाला टेकून वाकले ते सरळ होईनात. म्हातारं शरीर, आणि वर दोन पेले.

अन्नपूर्णाबाई ओल्या लुगड्यानं तशीच उभी होती. "तुमाले कवा कळलं?"

सोजराबाईची नजर नारायणरावांच्या रिकाम्या पेल्यांवर गेली.

"बरं," विहीण म्हणाली. आवाज न चढवता तिनं नारायणरावांकडं हात केला. "यायले आधी नांदुऱ्याच्या डॉक्टरकडं न्या. यायचं कसं होते थे पाहू. मंग लगनाचं बोलू."

बैलांची हलकी दमणी जुंपली. नारायणरावांना गवतावर निजवलं. कुणी म्हणायच्या आत सोजराबाई चाकावर पाय ठेवून वर चढली.

"मामी, तानूचं लग्न..." कासरा हाती घेत चिंतामण म्हणाला.

"हाका जावईबापू."

उन्हात गाडी पूर्णेच्या वाळूत उतरली. सोजराबाईनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, दुधाचा घोट ती देत होती आणि तो तसाच बाहेर येत होता. त्यांचे हात या उन्हातही गार पडत चालले होते. मध्येच त्यांनी डोळे किलकिले केले.

"लगन लागलं का इहीनबाई? वाजंत्री वाजली?"

सोजराबाईनं कान मागं लावला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "वाजून राह्यली."