नीरजाच्या पाठीवरची कढई

मित्रांनो, कढईला तोंड नसतं असं तुम्हाला वाटत असेल. पण कान असतात ना? दोन्ही बाजूंना एकेक. ज्याला कान असतात त्याला पोटात ठेवता येत नाही इतकं ऐकू येतं, आणि मग बोलावंच लागतं. मी लोखंडी कढई. जुनी आहे, बुडाला काळी आहे, डावा कान जरा वाकडा आहे. पण साधीसुधी समजू नका. माझं लोखंड खडकीच्या एका तोफेचं. ती तोफ एकदाच उडाली आणि त्या आवाजाला घाबरून मुळा नदी दोन दिवस उलटी वाहिली. पटत नाही? नका पटवून घेऊ. माझ्या मालकीणबाई जयाबाईंनाही पटत नाही. त्या सांगतात, हडपसरच्या रस्त्याकडेला एक लोहार बसायचा, त्याने पिंपाच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. असेल बुवा. जन्माच्या वेळी मी शुद्धीवर नव्हते.

एवढं मात्र खरं, की जयाबाई लग्न होऊन शनिवार पेठेत आल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर माहेरून आले. त्यांनी मला तेल पाजलं, माझ्यात कांद्याची सालं परतली, आणि आठवडाभरात मी अशी तुकतुकीत झाले की त्यांचे यजमान माझ्यात बघून भांग पाडायचे. यजमान म्हणजे यज्ञेश्वर. पेठेत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. भिंगाखाली चिमट्याने ते राईएवढं चाक उचलायचे. दुसऱ्याची वेळ बरोबर लावून देणारा माणूस. घरी मात्र रोज जेवायला उशिरा.

माझं कौतुक त्या घरात फार. पाहुणे आले की जयाबाई मला दाखवायच्या. "आमच्याकडे नॉनस्टिक वगैरे नाही हं. लोखंडाची कढई. रक्त वाढतं." हे ऐकलं की मी अशी फुगायचे की आमटी उतू जायची.

आणि मग यज्ञेश्वर थकायला लागले.

जिना चढताना थांबायचे. जेवताना डोळे मिटायचे. आता, आपल्याकडे माणूस थकला की त्याचं कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं. रक्त कमी असेल. शेजारीण म्हणाली, रक्त कमी. दुकानातलं गिऱ्हाईक म्हणालं, रक्त कमी. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न विचारता लाल औषधाची बाटली काढून दिली. जयाबाईंनी कंबर कसली. पालक, बीट, खजूर, हळिवाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, आणि सगळं शिजायचं माझ्यात. वर लिंबू. लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते अगदी बरोबर होतं, मित्रांनो. लागलं.

यज्ञेश्वरांचा रंग तांब्याच्या तपेल्यासारखा झाला. दिवसभर दुकानात बसणारा माणूस, त्याला ऊन कुठलं? समोरच्या गॅलरीत बापूराव बसायचे. निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ पेठेवर देखरेख करणारे. ते ओरडायचे, "काय यज्ञेश्वरपंत, गोव्याला जाऊन आलात वाटतं! आम्हाला नाही विचारलंत!" मग उजव्या हाताची दोन बोटं सांध्यात आखडली. चिमटा धरवेना. मग साखर निघाली. शेवटी लिव्हर.

लिव्हर म्हटलं की पुढचं वाक्य लोक स्वतःच पूर्ण करतात. बापूराव तर मोठ्याने करायचे. "दुकानाच्या मागे बसून घेत असणार. एरवी एवढा कसबी हात बिघडतो होय?" यज्ञेश्वर आयुष्यात उसाच्या रसाच्या पुढे गेले नव्हते. पण एकेकाला बोलावून काय सांगणार? ते गेले तेव्हा खांदा द्यायला आलेली माणसंसुद्धा हळूच एकमेकांकडे बघत होती.

त्या घरात दोन मुलं. थोरली नीरजा, शाळेत भूगोल शिकवते आणि पहाटे लांबलांब पळते. धाकटा सौमित्र, हडपसरला कंपनीत. वडील गेल्यावर काही वर्षांनी नीरजाही थकायला लागली. पुन्हा तेच, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या, आणि ती जास्तच थकली. तेव्हा आम्रपाली नावाच्या एका डॉक्टरीणबाईंनी कोणी न केलेली गोष्ट केली. अंगात लोह किती साठलंय ते मोजलं. आकडा बघून त्या खुर्चीतून उठल्याच.

संध्याकाळी नीरजाने ते घरी सांगितलं. मी ओट्यावरच होते. "आई, मला लोह कमी नाही, जास्त आहे. शरीराला नको म्हणताच येत नाही. ते साठत जातं लिव्हरमध्ये, सांध्यात, सगळीकडे. बाबांना हेच होतं. आणि हे आईवडील दोघांकडून येतं."

जयाबाईंचा चेहरा झाकण घातल्यासारखा बंद झाला. "दोघांकडून म्हणजे? माझ्या माहेरी नव्वदीची माणसं पर्वती चढतात."

"अगं, तुला त्रास नसेल. तुझ्याकडून फक्त पुढे आलंय."

"आणि मी इतकी वर्षं जे शिजवून घातलं ते? ते विष होतं का?"

नीरजा म्हणाली, "कढईने थोडी भर घातली असेल. आजार कढईचा नाही, आई, रक्ताचा आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय." त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेलं तेवढंच वाक्य. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर गेले. जुन्या सतरंजीखाली.

नीरजाचा इलाज सोपा होता. ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं. ती बरी झाली, पुन्हा पळायला लागली. पण तिचं लक्ष सौमित्रकडे होतं. त्याचा रंग बदलत होता. उजव्या हाताची तीच दोन बोटं तो सारखी चोळायचा.

"सौमित्र, तपासून घे रे."

"ताई, माउसमुळे होतं ते. आमच्या टीममध्ये सगळ्यांना आहे."

"सगळ्यांचा बाप लिव्हरने गेला नाही."

तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "बाबांचं लिव्हर कशाने गेलं ते अख्ख्या पेठेला माहीत आहे. मी थेंबही घेत नाही. मला काय होतंय?"

बघा मित्रांनो, समोरच्या गॅलरीतली गप आमच्या घरात कधी राहायला आली ते कळलंच नाही.

नीरजा रोज मागे लागायची, तो रोज हसण्यावारी न्यायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "ती खडकीच्या मैदानावरची शर्यत आहे ना तुझी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत पळायची? एकदाही न बसता पळून दाखव. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतो. शब्द."

"शब्द?"

"शब्द!"

नीरजाने मला माळ्यावरून काढलं. घासलं. माझ्या बुडावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'लोह जास्त झालं तरी माणूस मरतो.' आणि मला जुन्या ओढणीने पाठीला बांधून ती मैदानावर उभी राहिली. "हे कशाला?" सौमित्रने विचारलं. ती म्हणाली, "लोकांना कळायला नको, अंगात नको तेवढं लोखंड वागवणं म्हणजे काय?"

काय सांगू तो दिवस! मी पाठीवर असल्यामुळे मला सगळं मागचं दिसत होतं. मागे पडलेले लोक. पहिल्या फेरीत माझ्या लखलखाटाने तीन घारी विमान समजून बाजूला झाल्या. बरं, एक झाली. पण नीरजाच्या पाठीला माझी कड घासत होती आणि दुपारपर्यंत तिचा सदरा तिथे ओला लाल झाला होता, ह्यात काही वाढवून सांगत नाही. मी अंग चोरायचा प्रयत्न केला. लोखंडाला अंग चोरता येत नाही.

आणि ध्वनिक्षेपकावर एक उत्साही गृहस्थ होते. "आणि आता आपल्यासमोर येत आहेत नीरजाताई! लोहाच्या कमतरतेविरुद्ध धावणाऱ्या नीरजाताई! टाळ्या!"

नीरजा पळता पळता ओरडली, "जास्त! जास्त!"

"ऐका, ताई म्हणतायत, टाळ्या अजून जास्त!"

दर फेरीला हेच. ती "कमी नाही हो!" म्हणायची, ते म्हणायचे, "उत्साह बघा, कमी नाही!" पाण्याच्या टेबलावर कोणीतरी तिच्या हातात गुळाची चिक्की कोंबायचं, "घ्या ताई, लोह असतं." उन्हात तिचे पाय लटपटायला लागले तेव्हा सौमित्र दोरीपाशी येऊन म्हणाला, "बस ताई. बस थोडी. कोण बघतंय?"

"तू बघतोयस," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

सूर्य टेकड्यांमागे गेला तेव्हा ती पळत नव्हती, चालत होती, पण बसली नव्हती. मंचावर प्रमुख पाहुणे होते, विश्वजीतराव नावाचे बिल्डर. त्यांनी मला दोन्ही हातांनी तोंडासमोर उंच धरलं, बुड स्वतःकडे करून. "माता-भगिनींनो, ही बघा लोखंडाची कढई! ह्यात रांधा! घराघरात रक्त वाढवा!" माझ्या बुडावरची अक्षरं त्यांच्या नाकासमोर होती. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. आयुष्यात एवढं कौतुक माझं झालं नव्हतं, आणि मला विरघळून जावंसं वाटत होतं. बक्षीस म्हणून नीरजाला हळिवाच्या लाडवांचा डबा मिळाला.

पण सौमित्रने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी कंपनीत जाताना रक्त दिलं. संध्याकाळी पेढे घेऊनच घरात शिरला. "आई, एकदम फर्स्ट क्लास! हिमोग्लोबिन सोळा! रक्त भरपूर आहे म्हणाले!"

जयाबाईंनी देवापुढे पेढा ठेवला. नीरजा नुकतीच पाय शेकत बसली होती. ती हळूच म्हणाली, "हिमोग्लोबिन नाही रे. साठलेलं लोह मोजायचं. ती तपासणी वेगळी. तुला लिहून दिली होती."

"मी म्हटलं होतं रक्त तपासतो. रक्त तपासलं."

"सौमित्र—"

"झालं ना? आता हा विषय बंद."

आणि बंद झाला. पुण्यात शब्द पाळला म्हणजे पाळला, अर्थ पाळायची सक्ती नसते. वर्ष गेलं, मी ओट्याखालच्या कोपऱ्यात पडून होते. नीरजा बोलली की तो सोळाचा आकडा फेकायचा. पुढच्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या पिळताना त्याच्या हातून निसटला. ती दोन बोटं मिटेनात. जयाबाई बघत राहिल्या. तांबूस हात, आखडलेली बोटं. असाच हात त्यांनी ह्याच स्वयंपाकघरात आधी एकदा बघितला होता.

नीरजा म्हणाली, "आई, आता तूच सांग त्याला. बाबा पीत नव्हते."

"ताई, पुरे!" सौमित्र ओरडला. "आईला तरी कुठे माहीत आहे?"

"माहीत आहे," जयाबाई म्हणाल्या. माझ्यावर बसलेल्या माशीलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू. "रोज संध्याकाळी ते आले की मी मुद्दाम त्यांच्या जवळून जायचे. वास घ्यायला. घड्याळाच्या तेलाचा यायचा. दुसरा कधीच नाही आला. एकदाही नाही."

"मग बापूरावांना कधी बोलली का नाहीस?" सौमित्रने विचारलं.

"मला वाटायचं, आज नाही आला, उद्या येईल."

नव्या कढईतलं तेल तापून धूर यायला लागला तरी कोणी गॅस बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सौमित्र आम्रपालीबाईंकडे गेला. लोह नीरजाच्या कितीतरी पट. साखर सुरू झालेली. लिव्हरवर कायमचे वण. "वर्षापूर्वी आला असतात तर हे वण नसते," बाई म्हणाल्या. "आता जे गेलं ते गेलं. उरलेलं वाचवू." तेव्हापासून तो दर आठवड्याला रक्त काढून घेतो. तिथली परिचारिका प्रत्येक वेळी विचारते, "एवढं रक्त देता, अशक्तपणा येत नाही का?"

बापूरावांनी सौमित्रला इस्पितळातून येऊन रिक्षातून उतरताना पाहिलं. "बापाच्या वळणावर गेला वाटतं," ते गॅलरीतून म्हणाले.

जयाबाई खिडकीत आल्या. "हो बापूराव, बापाच्याच वळणावर. तेही पीत नव्हते."

बापूराव वर्तमानपत्रात शिरले. एवढंच. माफी वगैरे काही मागितली नाही त्यांनी, तुमचा गैरसमज नको.

त्याच दुपारी खाली भंगारवाल्याची हाळी आली आणि जयाबाई मला घेऊन उतरल्या. नीरजा जिन्यातून म्हणत होती, "आई, तिचा काय दोष?" जयाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मला राग नाही. दोष कुठेतरी ठेवावा लागतो. नवरा गेलेला, माहेराला बोल लावायचा नाही, आणि रक्त काही भंगारात देता येत नाही. कढई देता येते.

तर मित्रांनो, मी आता हातगाडीवर, एका मोडक्या पंख्याच्या शेजारी बसून हे सांगते आहे. उद्या मला वितळवतील. तुमच्या घरी कोणी थकत असेल, त्याचा रंग बदलत असेल, बोटं आखडत असतील, तर त्याच्या ताटात काही वाढायच्या आधी त्याचं लोह मोजा. कमी आहे की जास्त, ते मोजा. हिमोग्लोबिन नव्हे, साठलेलं लोह. भावंडांचंही मोजा. आणि मोजून होईपर्यंत, तो काय पितो ह्याबद्दल तोंड मिटून बसा. मला कान दोन आणि तोंड नाही, तरी गप्प बसणं जमलं नाही. तुम्हाला जमेल.