उजव्या कोपऱ्याची शपथ

शब्द पाळणारा माणूस देवाला आवडतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खोटं नाही ते. पण असा माणूस फुटबॉलमध्ये स्ट्रायकर असेल, तर तो देवापेक्षा समोरच्या गोलकीपरला जास्त आवडतो. ते कसं, तेच सांगायचं आहे.

एका घरात दोन भाऊ होते. थोरल्याचं डोकं चाललं, धाकट्याचे पाय चालले. थोरला कचेरीत चिकटला आणि धाकट्याला एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबनं सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. त्याचं काम एकच, गोल मारायचा. आईनं तो कराराचा कागद प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवला आणि दूधवाल्यापासून विमावाल्यापर्यंत जो दारात येईल त्याला तो वाचायला लावला. विमावाल्यानं दोनदा वाचला. त्याला पॉलिसी खपवायची होती.

सहा महिन्यांतले साडेपाच सरले. धाकटा वाऱ्यासारखा पळायचा, तीन-तीन जणांना चकवून गोलपाशी पोचायचा, लोक खुर्च्या सोडून उभे राहायचे आणि मग खाली बसायचे. गोल शून्य. प्रेक्षकांनी त्याचं नाव ठेवलं ‘पाहुणा’. दारापर्यंत येतो, चपला काढतो आणि आत न येताच परत जातो! बिचारा हे ऐकून हसायचा आणि घरी येऊन जेवण अर्धवट टाकायचा. उरली होती एकच मॅच, रविवारची. क्लबच्या मॅनेजरांनी साफ सांगितलं होतं, गोल झाला तर पुढच्या दोन वर्षांचा कागद, नाही झाला तर हातात नारळ.

सोमवारी प्रशिक्षकांनी त्याला गॅलरीखालच्या खोलीत बोलावलं. सगळे त्यांना सर म्हणत. पोट पुढे, शिट्टी त्याच्याही पुढे. खोलीत ओल्या बुटांचा आणि मलमाचा वास कोंडलेला, कोपऱ्यात मळक्या जर्सी टाकायचा निळा ड्रम. सरांनी टेबलावर एक कागद पसरला. त्यावर गोलचं चित्र आणि डाव्या बाजूला लाल ठिपक्यांची गर्दी.

“काय आहे हे?”

“गोवर आलाय सर. गोलपोस्टला.”

“तुझे फटके आहेत, गाढवा! त्रेचाळीस. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस डावीकडे. आता हा उजवा कोपरा बघ. कोरा करकरीत! भाड्यानं द्यायचाय का तो?”

धाकट्यानं कागद उलटा धरून पाहिला. तरी ठिपके एकाच बाजूला राहिले.

“मला वाटायचं मी कुठंही मारतो, सर.”

“तुला वाटायचं. गोलकीपरांना माहीत होतं. तुझ्या मॅचला येताना ते घरून उशी आणतात म्हणे, डाव्या खांबाला टेकायला.”

सरांनी त्याला मैदानात नेलं. गोल मोकळा, राखायला कुणी नाही. “मार उजवीकडे.” धाकटा पळत आला, पाय उचलला आणि ऐनवेळी पाय आपला आपणच वळला, जुन्या मालकानं हाक मारल्यासारखा. चेंडू डावीकडे. दहा वेळा मारला, दहा वेळा डावीकडे. अकराव्या वेळी त्यानं पायाशी भांडायचं ठरवलं, तेव्हा तो स्वतःच पडला.

सर चेंडूवर बसले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, “डोळे मीट. त्या उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?”

“जाळी.”

“नीट बघ.”

धाकट्यानं डोळे आणखी घट्ट मिटले. “काच, सर,” तो म्हणाला. आणि दहा वर्षांपूर्वीची दुपार त्याला भडाभडा आठवली.

त्याच्या घराची गल्ली बंद होती. गल्लीच्या टोकाला, त्याच्या घराला लागूनच, भिंत, तिची डावी बाजू सपाट आणि उजवीकडे खिडकी. खिडकीमागे घड्याळवाल्या काकूंचं दुकान. काकू एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर मनगटी घड्याळांची पोटं उघडून बसत आणि मुलांनी आवाज केला तर न बोलता नुसत्या बघत. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. त्या दुपारी नऊ वर्षांच्या धाकट्यानं आयुष्यातला सगळ्यात सुंदर फटका मारला. चेंडू वळत वळत गेला तो थेट उजवीकडे. काच खळ्ळकन फुटली आणि आतलं एक भिंतीवरचं घड्याळ जागीच थांबलं. धाकटा पळाला आणि गल्लीतल्या पाण्याच्या रिकाम्या ड्रममध्ये शिरून वरून झाकण ओढून बसला. काकू बाहेर आल्या आणि रिकाम्या गल्लीला उद्देशून कडाडल्या, “ज्यानं कुणी हे केलंय, त्याला त्याच्या आईची शपथ! पुन्हा उजवीकडे चेंडू मारेल तर!”

ड्रममध्ये ते वाक्य घुमलं. पोरगं विसरलं, पाय विसरला नाही.

संध्याकाळी त्यानं घरी हे सांगितलं, तेव्हा आईनं पदर डोळ्यांना लावला.

“म्हणजे दहा वर्षं तू माझा जीव सांभाळतोयस होय रे? तरीच! डॉक्टर म्हणतात, या वयात इतकं छान ब्लडप्रेशर त्यांनी पाहिलं नाही.”

“क्लबनं आईला पगारावर ठेवायला हवं,” थोरला म्हणाला.

“तू गप रे! धाकट्या, मी धडधाकट आहे. मार तू खुशाल उजवीकडे.”

“तुझ्या म्हणण्यानं नाही ना भागत आई. शपथ काकूंनी घातलीय. त्यांनीच सुटली म्हटलं पाहिजे.”

हे मात्र खरं. ज्यानं शपथ घातली त्यानंच ‘सुटली’ म्हणायचं, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण पोरासोरांपासून सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या दिवशी सर स्वतः त्याला घेऊन काकूंच्या दुकानात गेले. चाळीस घड्याळं टिकटिकत होती. एकच भिंतीवर गप्प होतं, चार वाजून बारा मिनिटांवर.

“काकू, एक जुनी शपथ सोडवून घ्यायची होती,” सर म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही. चिमट्यात तिळाएवढा स्क्रू होता. “कुणाला घातलेली?”

सरांनी धाकट्याला कोपर मारलं. बघा, तीन धिप्पाड बचावपटूंच्या मधून बेधडक घुसणारा गडी हा! काकूंच्या भिंगापुढे त्याचं पाणी पाणी झालं.

“कुणीतरी… एका मुलानं… काच फोडली होती ना तुमची? त्याला.”

“हो का! कोण होता तो?”

“लांबून नीट दिसलं नाही.”

काकूंनी स्क्रू बशीत ठेवला. “मग ज्यानं फोडली त्याला पाठव. सुटली म्हणेन. दुकान दहा ते सहा उघडं असतं.”

सर इकडेतिकडे बघत होते. “पण काकू, खिडकीला काच कुठाय? ही तर लोखंडी जाळी.”

“त्याच आठवड्यात बसवली. दहा वर्षं झाली.”

धाकटा खिडकीकडे बघतच राहिला. खरंच जाळी होती, तीही गंजलेली.

“तू रोज इथून जातोस ना रे?” सरांनी विचारलं.

“रोज जातो,” उत्तर काकूंनीच दिलं. “डावीकडे मान वाकडी करून. मला वाटलं, जन्मापासून तशी आहे. विचारणं बरं दिसत नाही.”

बाहेर आल्यावर सर पेटले. “एक वाक्य बोलायचं होतं! एक!”

“जीभ वळली नाही, सर.”

“पाय उजवीकडे वळत नाही, जीभ खरं बोलायला वळत नाही. तुझं वळतं तरी काय?”

“मान,” धाकटा खाली बघून म्हणाला. “डावीकडे.”

बुधवार गेला, गुरुवार गेला. धाकटा रोज दुकानाच्या पायरीपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. प्रेक्षकांनी ठेवलेलं नाव त्यांना वाटलं होतं त्याहून खरं निघालं. शनिवारी सहाला दुकान बंद झालं, आणि त्याला वाटलं, झालं, संपलं आपलं.

पण आई कुणाची! रविवारी तिनं घड्याळवाल्या काकूंना दंडाला धरून स्टेडियममध्ये आणलं, गोलच्या मागे अगदी पुढच्या रांगेत बसवलं. काकू पहिल्यांदाच मॅच बघत होत्या. रेफरीचं घड्याळ अर्ध्या मिनिटानं मागे आहे, हे त्यांनी पाचव्याच मिनिटाला आईला सांगून टाकलं.

शून्य-शून्य. धाकट्यानं तीन फटके मारले, तिन्ही डावीकडे. गोलकीपरनं तिसरा अडवताना जांभई दिली, असं निदान आईला तरी वाटलं. पंच्याहत्तराव्या मिनिटाला धाकटा पुन्हा आत घुसला आणि कुणीतरी त्याला मागून पाडलं. शिट्टी. पेनल्टी!

कप्तानानं चेंडू काखेत मारला, तोच सर ओरडले, “पाहुण्याला द्या!”

“कुणाला? सर, ऊन लागलं का?”

“दे म्हटलं ना!”

धाकट्यानं चेंडू ठिपक्यावर ठेवला. गोलकीपर हसत हसत डाव्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. धाकट्यानं मान वर केली आणि मॅचमध्ये पहिल्यांदाच उजवीकडे पाहिलं. तिथे काच नव्हती. जाळीच्या मागे, बरोब्बर त्या कोपऱ्यात, घड्याळवाल्या काकू बसल्या होत्या आणि नुसत्या बघत होत्या.

तेव्हा त्याला काय झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. माणूस वर्षानुवर्षं एखाद्या दारासमोरून जातो आणि एके दिवशी आपोआप कडी वाजवतो, तसं झालं. तो चेंडू तिथेच सोडून चालायला लागला. गोलकीपरच्या शेजारून गेला, गोलच्या मागे गेला, जाहिरातींच्या फळीपाशी थांबला.

“काकू.”

“बोल.”

“ती काच मी फोडली होती.”

“मोठ्यानं बोल, इथे गोंगाट आहे.”

“काच मी फोडली!” धाकटा छातीच्या भात्यातला सगळा वारा लावून ओरडला. “पळालो मीच! ड्रममध्ये लपलो होतो!”

गोलमागची सगळी गॅलरी माना वाकवून बघायला लागली. रेफरी शिट्टी फुंकत, पिवळं कार्ड उंच धरून पळत येत होता.

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या. “झाकण थरथरत होतं.”

“मग तेव्हाच का नाही धरलंत?”

“वाट बघितली तासभर. म्हटलं, येईल आपणहून. मग गिऱ्हाईक आलं. ते घड्याळ दहा मिनिटांचं काम आहे रे. मी लावलं नाही चालू.”

काकू उठून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं बारीक स्क्रूंशी बोलून बारीक झालेला त्यांचा आवाज, पण त्या दिवशी खणखणीत लागला.

“सुटली!”

शेजारी बसलेल्या आईनं लगेच उचललं, “सुटली!” मागच्या रांगेला वाटलं, ही क्लबची नवी आरोळी असणार. कुणी टाळी धरली, कुणी पाय आपटले आणि बघता बघता सगळं स्टेडियम एका ठेक्यात गर्जायला लागलं, “सुटली! सुटली! सुटली!” काय सुटली, कुणाची सुटली, कुणाला पत्ता नाही. पण हजार गळे एका सुरात लागले की अर्थ देव बघून घेतो.

धाकटा परत आला. चार पावलं पळाला. पाय उचलला, आणि पाय कुठेही न वळता जिकडे सांगितलं तिकडे गेला. चेंडू उजव्या कोपऱ्यात, काकूंच्या नाकासमोर जाळीत बसला. गोलकीपर डाव्या खांबाला धरून तसाच उभा.

गोल!

आता इथे एखाद्यानं हात पसरले असते, जमिनीवर लोळण घेतली असती. धाकट्यानं काय केलं? पळाला! शपथ सुटली होती, सवय थोडीच सुटली होती! मागे वळून पाहिलं, तर दहा जण त्याच्यावर धावून येत होते. ते मिठी मारायला येत होते हे खरं, पण पायांना ते कोण सांगणार? तो आणखी जोरात पळाला. मैदान ओलांडलं, बाकं ओलांडली आणि खेळाडूंच्या बोगद्यात दिसेनासा झाला. रेफरीनं दुसऱ्यांदा खिशात हात घातला, पण कार्ड दाखवायला समोर माणूसच नाही. बिचाऱ्यानं हात तसाच बाहेर काढून नाक पुसलं.

सर धापा टाकत गॅलरीखालच्या खोलीत आले. खोली रिकामी. कोपऱ्यात निळ्या ड्रमचं झाकण थरथरत होतं.

सरांनी झाकण उचललं. मळक्या जर्सींच्या ढिगातून दोन डोळे वर बघत होते.

“काय झालं वर?” सरांनी विचारलं.

“गोल झाला, सर.”

“कुणी मारला?”

ड्रमच्या आतून आवाज घुमला, चांगला मोठा.

“मी मारला.”

“मग बाहेर ये,” सर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “अजून बारा मिनिटं आहेत, आणि तिथे आपण दहाच जण खेळतोय.”