भिंगरीचा लंगडा ठेका

फाल्गुनाचं ऊन. पांढरं, तापलेलं, तहानलेलं. पंचगंगेच्या पात्रावरून ते उठलं, तोडणी झालेल्या उसाच्या रानांवरून, जळक्या पाचटाच्या काळ्या रेघांवरून सरकत कोल्हापुरात शिरलं आणि उद्यमनगरातल्या पत्र्यांवर येऊन धपापत बसलं. तिथंही त्याला चैन पडेना. या पत्र्यावरून त्या पत्र्यावर ते उगाच हिंडत राहिलं.

पत्र्यांखाली लोखंड जागं होतं. ऐरणीचा टणत्कार, लेथची अखंड किरकिर, भट्ट्यांचा आरक्त उच्छ्वास. त्या नादमय, धूम्रमय गल्लीच्या टोकाला बाबालाल शिकलगार मिस्त्रींचं गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या मधोमध भिंगरी उभी होती.

भिंगरी म्हणजे मोटार. स्वातंत्र्याच्याही आधीची, विलायतेत जन्मलेली, पण खरी घडली ती इथंच. रंगराव सरनोबत नावाच्या एका तरुणानं तिचं छत कापलं, मडगार्डं उतरवली, इवल्याशा छातीत लॉरीचं दांडगं इंजिन बसवलं आणि पन्हाळ्याच्या चढावर तिला वाऱ्याच्या अंगावर सोडलं. लोक म्हणायचे, पायाला भिंगरी लागलीय या पोराच्या. म्हणून मोटारीचंही नाव तेच पडलं.

रंगराव गेला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. वेगानं नाही गेला. काविळीनं गेला, तीन आठवड्यांत, अंथरुणावर. आणि भिंगरी गोठ्यात गेली, कडब्याखाली, कोंबड्यांच्या मुक्कामाला.

तिला तिथून बाहेर काढलं रंगरावाच्या धाकट्या बहिणीनं, विमलआक्कांनी. वय बहात्तर. ताठ कणा, करडी नजर, कुणाचं ऐकून न घेण्याची जन्माची सवय. आता तर ऐकू येणंच सरत आलं होतं. उजवा कान दोन वर्षांपूर्वी विझला; डावा दिव्यातल्या तेलासारखा रोज थोडा उतरत होता. पावसाळ्यापर्यंत तोही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

भावाचा आवाज कुठंच उरला नव्हता. एक फोटो होता, पण फोटो बोलत नाही. त्याच्या हातानं घडलेला एकच आवाज या पृथ्वीवर पुन्हा उठू शकत होता, आणि तो भिंगरीच्या पोटात निजला होता. कान मिटण्याआधी विमलआक्कांना तो एकदा ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

बाबालाल मिस्त्री हे ऐकून गहिवरला. साठीचा माणूस, पण जुनं यंत्र दिसलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. सहा महिने तो भिंगरीपाशी राबला. जुनं शक्य तितकं जुनंच ठेवायचं, अशी त्यानं मनाशी शपथ घेतली. वरचा गंज खरवडला, पण खालचा जांभळा रंग राखला. बॉनेटवरचे रंगरावाच्या हातोडीचे ठसे त्यानं बुजवले नाहीत. स्टिअरिंगवर तळव्यांनी झिजलेल्या दोन जागा होत्या, त्यांना पॉलिशचा हातही लावला नाही. जो येईल त्याला तो मोठ्या ऐटीत दाखवायचा. पाहणारे वाहवा करायचे आणि बाबालाल मिशीत हसायचा.

मग तो दिवस उगवला. विमलआक्का जरीकाठी लुगडं नेसून आल्या. बाबालालनं बिस्मिल्ला म्हटलं, नारळही फोडला, आणि इंजिन सुरू केलं.

सुरेख चाललं. सरळ, संथ, समतोल. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही. बाबालालचा ऊर भरून आला. असं गुळगुळीत इंजिन अख्ख्या जिल्ह्यात कुणी वाजवून दाखवावं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

विमलआक्का दारातच उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. मोटारीत बसल्या नाहीत. डावा कान पुढे करून त्यांनी बराच वेळ ऐकलं, आणि मग त्यांचा चेहरा दुपारच्या अंगणासारखा रिकामा झाला.

"मिस्त्री, तुमी लई मन लावून क्येलंसा," त्या म्हणाल्या. "पर ही आमची भिंगरी न्हवं."

"आक्का, सगळं जुनंच हाय की. तुमीच बगा."

"दिसाय हाय. वाजाय न्हाई." त्यांनी वाकलेल्या बोटांनी दारावर ठेका धरला. दोन ठोके, एक ठोका, तीन ठोके, मग काहीतरी विसरल्यासारखा विराम, आणि पुन्हा धडपडून दोन. "हुबी ऱ्हायली की अशी लंगडायची. बसू म्हनून द्यायची न्हाई. दादा म्हनायचा, तिला हुबं ऱ्हायाचा कटाळा हाय, तिला चढ पायजे."

बाबालालला एकदम सगळं उमगलं.

इंजिनाच्या पोटात एक दांडा असतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंडाकृती उंचवटे असतात. ते फिरतात तसं इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. भिंगरीच्या दांड्यावरचे उंचवटे असमान होते. एक खोल, एक उथळ, एक तिरका. बाबालालनं ती झीज समजली होती. कानशीच्या बारीक रेघा त्याला दिसल्याही होत्या. कुणा अडाण्याचं काम, असं पुटपुटून त्यानं नवा दांडा बसवला होता.

तो अडाणी म्हणजे रंगराव होता. चढावर इंजिनाला मोठा श्वास मिळावा म्हणून त्यानं एकेक उंचवटा हातानं घासला होता. त्यामुळेच ती उभी असताना लंगडायची आणि चढाला लागली की उधळायची. बाबालालनं भिंगरीचं सगळं अंग जपलं होतं, आणि तिची ओढ तेवढी काढून फेकली होती.

फेकली होती, हे अक्षरशः खरं. शिकलगारांच्या गॅरेजात वडिलांपासूनचा एक दंडक होता. काढलेला भाग रात्री गॅरेजात ठेवायचा नाही. जुन्याचं दुखणं नव्याला लागतं. दिवस मावळायच्या आत हातगाडी ओतकामाच्या भट्टीकडे जायची. चाळीस वर्षांत हा दंडक एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान!

तो धावला. त्या पांढऱ्या, पेटलेल्या दुपारी, साठीचा बाबालाल गल्लीतून अनवाणी धावला. चपला कुठं राहिल्या, त्याला कळलंही नाही.

भट्टीवाल्यानं त्याला बसायला खोकं दिलं, पाणी दिलं. "मिस्त्री, परवाच वतलं की त्ये," तो म्हणाला, आणि हातानं दाखवलं. अंगणात पाण्याचे पंप ओळीनं मांडले होते, चाळीस-पन्नास, करडे, खरबरीत, नवजात. त्यांतल्या कुठल्या तरी एकात रंगरावाचा हात मिसळून गेला होता. आता तो कुठल्या तरी विहिरीवर मुकाट पाणी ओढणार होता. बाबालाल त्या ओळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, आणि त्याला रडू आलं.

परत येऊन त्यानं विमलआक्कांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या रागावतील, शिव्या देतील, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दादानं हातानंच क्येलं हुतं न्हवं? तुमास्नी बी हात हाईत."

आणि सुरू झाला एक विलक्षण, व्याकूळ, विसावा नसलेला आठवडा.

दर सकाळी बाबालाल इंजिन उघडी, नवा दांडा बाहेर काढी, कानस घेऊन बसे. चाळीस वर्षं चुका सुधारलेल्या हातांना आता चूक करायला शिकायचं होतं, आणि हात ऐकत नव्हते. कानस आपोआप सरळ जाई, उंचवटा आपोआप सारखा होई. घासलेलं लोखंड परत येत नाही. एक रेघ जास्त झाली की दांडा वाया. सर, सर, सर. थांबणं. पाहणं. पुन्हा सर. लोखंडाचा राखाडी कीस त्याच्या मांडीवर साचत राही.

दर संध्याकाळी इंजिन मिटून तो सुरू करी, आणि विमलआक्का ऐकत. मान हलवत. "न्हाई. आजून सरळ हाय. थोडं चुकू द्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "चुकू द्या, मिस्त्री. भिऊ नगासा."

बाबालालची झोप उडाली. जेवताना त्याची बोटं ताटावर ठेका धरत, दोन, एक, तीन. बायकोनं विचारलं, हे काय भलतंच? नमाजाच्या चटईवरही ठेका त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून त्यानं अल्लाची माफी मागितली. असा अस्वस्थ तो जन्मात झाला नव्हता. आणि तरी, त्या अस्वस्थतेत कुठंतरी, कधी न भेटलेल्या रंगरावाची त्याला ओळख पटत चालली होती. उभं राहायचा कंटाळा म्हणजे काय, ते त्याला आता कळत होतं.

एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. पहिल्या संध्याकाळी विमलआक्का दारातून ऐकत होत्या. तिसऱ्या संध्याकाळी चाकापाशी आल्या. पाचव्या संध्याकाळी त्यांनी कान बॉनेटला टेकवला. पावसाळा लांब होता, पण तेल त्याआधीच संपत चाललं होतं. बाबालालनं कानस आणखी जोरात चालवली.

सातव्या दिवशी त्यानं डोळे मिटून घासलं. मोजलं नाही, पट्टी लावली नाही.

दिवस कलला होता. गल्लीवर केशरी धूळ तरंगत होती. इंजिन सुरू झालं, आणि भिंगरी थरथरली. दोन. एक. तीन. थबकली, जणू आता बंदच पडणार. आणि धडपडून पुन्हा दोन. पत्रे खुळखुळले, खिळ्यांचा डबा फळीवरून खाली सांडला, बाबालालचे दात वाजले. काय हा आवाज! लंगडा, उतावळा, उर्मट, अधीर.

विमलआक्कांनी बॉनेटवरचा कान उचलला. बरोबर म्हणाल्या नाहीत, चूक म्हणाल्या नाहीत. पदर खोचला, दार उघडलं, आणि चालकाशेजारच्या जागी जाऊन बसल्या.

"चला," एवढंच म्हणाल्या.

शहर मागे पडलं. रंकाळा तळ्याकडचा वारा मागे पडला. उसाची रानं, गुऱ्हाळांचा गोड धूर, सगळं मागे पडलं आणि पन्हाळ्याचा चढ समोर उभा राहिला. बाबालाल जपून चालवत होता, तिसाच्या वेगानं. गिऱ्हाईकाची गाडी त्यानं आयुष्यात कधी पळवली नव्हती. पण चढाला चाक लागलं आणि भिंगरीचं लंगडणं संपलं. सगळे विखुरलेले ठोके एक झाले. एकच दीर्घ, गंभीर, घनघोर गर्जना डोंगराच्या कुशीत घुमली, आणि मोटार त्याच्या हातांना न विचारता पुढे झेपावली.

बाबालाल घाबरला. पाय वर उचलणार, एवढ्यात शेजारून आरोळी आली. खणखणीत, आनंदानं फुटलेली, सोळा वर्षांची.

"दादाऽ! हळू की रं! वेणी सुटली माझी!"

त्यानं वळून पाहिलं. विमलआक्का समोर बघत होत्या, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. मानेवर सुपारीएवढा पांढरा अंबाडा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वारा ते कानांकडे नेत होता.

बाबालालनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. बहिणीनं हळू म्हटल्यावर कुठला भाऊ हळू करतो? त्यानं पाय दाबला. वळण आलं, वळण गेलं, जांभळी मोटार गर्जत वर चढली, आणि तिच्या मागे तांबडी धूळ उठत राहिली, उठत राहिली, खाली बसेना.