कावळा, पेंग्विन आणि आक्कांचा मसाला

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, म्हणून उन्नतीचा ‘किलबिल कट्टा’ शुक्रवारी असे. बाकी त्या कार्यक्रमाचा आणि शुक्रवारचा काही संबंध नव्हता. केसरीनाथशेठच्या केबल चॅनेलचा स्टुडिओ त्यांच्याच लूमच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावर होता. एरवी खाली खडखडाट सुरू झाला की वर टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपण होऊन कडेपर्यंत चालत जायचा. शुक्रवारी दिवसभर शांत असे, आणि त्यातला संध्याकाळचा अर्धा तास उन्नतीचा. तेवढ्यात ती हातात बाहुल्या घालून गोष्ट सांगे आणि मुलं फोन करत. टेपचा खर्च नको म्हणून सगळं थेट. कोन गावापासून खारबावपर्यंतची पोरं तिला आता रस्त्यात हाक मारत.

त्याच अर्ध्या तासावर आता शेठचा डोळा होता.

“हळदीच्या कॅसेटी लावायच्या,” शेठ म्हणाले. “लग्नसराई आली. लोक बोलतात, आमची हळद टीव्हीवर दिसली पाहिजे. आणि तू काय दाखवतेस? ससा.”

“ससा मागच्या महिन्यात होता, शेठ.”

“मग आता?”

“आता बेडूक.”

शेठनी सुस्कारा सोडला.

“हळद दुसऱ्या दिवशी लावा ना. तिला कुठे शांतता लागते?”

“शुक्रवारी सगळे घरी असतात. बघणारे तेव्हाच जास्त. हे बघ, या शुक्रवारी प्रायोजक आण आणि फोन शेवटपर्यंत वाजता ठेव. नाही जमलं, तर पुढच्या शुक्रवारपासून हळद. मग तू आणि तुझा बेडूक मोकळे.”

उन्नतीला मोकळं व्हायचं नव्हतं. बी. ए. झाल्यावर तिने एका गोदामात पावत्या फाडल्या होत्या, एका दवाखान्यात नंबर पुकारले होते. ‘पुढे काय होणार?’ असं तिला विचारणारी माणसं फक्त या कामात भेटली होती, आणि ती सगळी दहा वर्षांच्या आतली होती.

प्रायोजक मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पायांनी जिना चढून आला. कुणाल. कल्याण नाक्याजवळ त्याचा कम्प्युटर क्लास होता आणि तो भयंकर चिडलेला होता.

त्याला चिडवणारा होता डॉक्टर झोलर. दुपारी एका मोठ्या चॅनेलवर लागणाऱ्या, हिंदीत डब केलेल्या कार्टूनमधला हा खलनायक. तळघरात बसून तो मुलांना ओपन सोर्स सॉफ्टवेअर वाटायचा. ते कुणी घेतलं की कम्प्युटरमधून जांभळा धूर निघे आणि शहरातले सगळे सिग्नल एकदम हिरवे होत. सिग्नलचं भिवंडीत कुणाला काही वाटलं नाही, पण धुराचं वाटलं. कुणालच्या क्लासमध्ये तेच ओपन सोर्स शिकवत. एक आई येऊन आपल्या मेघालीचं नाव काढून गेली. “झोलरवालं नको, सर. समोरच्या क्लासात चांगलं शिकवतात.” समोरच्या क्लासातलं चांगलं फुटपाथवरून, झेरॉक्सच्या कव्हरातल्या चोरीच्या सीडीतून आलेलं होतं.

“लहान मुलांच्या टीव्हीवर कम्प्युटर म्हणजे काय असतं?” कुणाल हात उडवत म्हणाला. “एक तर हिरवी अक्षरं पडतात, नाही तर बॉम्बची उलटी मोजणी. आणि जो स्वतः केलेलं उघडून सगळ्यांना दाखवतो, तो म्हणे चोर! याला उत्तर द्या. मी प्रायोजक.”

“देते. पण ते आहे काय, ते आधी मला सांगा.”

कुणालने सांगायला घेतलं. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली.

“आता हेच सात वर्षांच्या मुलाला सांगा,” उन्नती म्हणाली.

“म्हणजे बघा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलच्या पातळीवर…”

“पाच वर्षांच्या.”

कुणालने चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाला, “आम्ही शिकवतो त्याचं चिन्ह पेंग्विन आहे.”

“हे चालेल.”

बाहुल्यांच्या ट्रंकेत पेंग्विन नव्हता. कावळा होता. उन्नतीने खालच्या लूमवरच्या कोऱ्या कापडाचा तुकडा आणून त्याच्या पोटावर शिवला, चोच थोडी आखूड केली आणि लांबून बघितलं. लांबून तो पेंग्विन वाटला असता, पण भिवंडीत टीव्ही जवळून बघतात.

गोष्ट तिला जेवताना सुचली. आईने ताटात वाढलेल्या जिताडा माशाच्या रश्श्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं, की विकतच्या मसाल्याची पुडी आणली तर आत काय ते कळत नाही. पण कुणी मसालाही दिला आणि तो कसा करायचा तेही सांगितलं तर? आपण तो करायचा, पाहिजे तर बदलायचा, आणि बदललं ते पुढच्याला सांगायचं. गोष्टीत एक राणी मसाला कुलपात ठेवणार आणि पेंग्विन तो करायची रीत गावभर सांगत फिरणार.

“हेच!” कुणाल म्हणाला. “हेच मी सांगत होतो. फक्त कुठे तरी ‘लायसन्स’ घाला.”

घरोघरचा मसाला वेगळा आणि त्याचं प्रमाण कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे गोष्टीसाठी उन्नतीने प्रमाण मनानेच ठरवलं. एक वाटी मिरची, एक वाटी धणे, अर्धी वाटी बडीशेप. ते बोलणार होती आजीची बाहुली, म्हणजे धोंडूबाई.

धोंडूबाई उन्हाळ्यात घरोघरी मसाला कुटायला जात आणि वर्षभर ‘किलबिल कट्ट्या’त आजीचा आवाज काढत. दरवर्षी त्यांचं पहिलं घर शेठचं. शेठच्या आई आक्का यांच्या मसाल्याचं नाव अख्ख्या तालुक्यात होतं. प्रमाण घालायच्या वेळी आक्का सुनांना खोलीबाहेर काढत आणि कडी लावत. आत फक्त धोंडूबाई, त्याही गावदेवीची शपथ घातलेल्या. शेठची बायको पार्वती लग्नाला वीस वर्षं होऊनही त्या कडीच्या बाहेरच होती.

तालमीत प्रमाण ऐकून धोंडूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “बाय, बडीशेप पानात खातात.”

“आजी, हा गोष्टीतला मसाला आहे.”

“पर बगनार तर खरी मानसं ना?” एवढं म्हणून त्यांनी बाहुली हातात चढवली. तेव्हाच उन्नतीला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी कॅमेऱ्यामागे कुणाल नवा शर्ट घालून बसला. शेठ दारात फोनकडे बघत उभे राहिले. दिवा लागला आणि पेंग्विन वाकून नमस्कार करतो न करतो तोच फोन वाजला.

“ताई, कावल्याला बनियन का घातलंय?”

“तो कावळा नाही, बाळा. पेंग्विन आहे.”

“न्हाय. कावलाच हाय.”

दुसऱ्या मुलाचंही तेच म्हणणं पडलं. तिसऱ्याने त्याचं म्हणणं खोडून काढायला फोन केला होता, कारण त्याच्या मते ते बदक होतं. मग फोन थांबला. पेंग्विन राणीच्या कुलपाबद्दल बोलत राहिला, पण फोन काही वाजेना. कुणाल छताकडे बघू लागला. शेठनी दारातूनच तिला घड्याळ दाखवलं, आणि उन्नतीला हळदीची सनई ऐकू यायला लागली.

आता आजीची पाळी होती.

“ऐका हां पोरांनो,” आजीची बाहुली म्हणाली. “एक वाटी मिरची. एक वाटी धने. अर्धी वाटी…”

बाहुली थांबली. मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळली.

“अर्धी वाटी बडीशेप? अगो बाय, जिताडा हाय का मिठाई? पोरांनो, हे कानाआड करा. उद्या तुमच्या आया असला मसाला कुटतील आनि म्हनतील धोंडूबाईने सांगितला. नीट आयका. किलोभर मिरची. बेडगी रंगाला, लवंगी झनक्याला. धने पाव किलो. हलकुंडं तेलात तलून. दगडफूल मूठभर. आनि सगल्यात शेवटी जाडा तांदूल लाल भाजून, मूठभर. त्याबिगर रश्श्याला अंग येत न्हाय. आक्कांच्या घरी कुटतांव तसा…”

आजीच्या बाहुलीने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

शेठचा चेहरा उतरला. घरी तिन्ही सुना टीव्हीसमोर बसलेल्या असणार. शेजारी आक्काही.

फोन वाजला.

“मी हौसा बोलतंय, खारबाववरना. तांदूल कशाला? आम्ही चनाडाल भाजून घालतांव. रस्सा दाट होतो.”

उन्नतीच्या हातातला पेंग्विन तिच्याही आधी सावरला. “शाबास, हौसामावशी! तुम्ही मसाला घेतला, बदलला, आणि काय बदललं ते सगळ्यांना सांगितलं. हाच आपला नियम!”

ठेवला न ठेवला तोच पुन्हा फोन. लूमवाल्यांच्या वस्तीतून एक बाई बोलत होत्या. “मैडम, धनिया पहले अलग भूनिए, मिर्च के साथ नहीं। जल जाता है।”

“शुक्रिया, बाजी. हेही लिहून घ्या, मुलांनो.”

मग एका माणसाने विचारलं, “ताई, हा मसाला कुटून पुड्या बांधून विकला, तर चालंल का?”

पेंग्विनची चोच नुसतीच उघडली, आणि कॅमेऱ्यामागून कुणाल उभा राहून ओरडला, “चालेल! खुशाल विका! फक्त कसा केला ते पुडीवर लिहायचं, आणि घेणाऱ्याला बदलायची मुभा द्यायची. हेच लायसन्स!”

पेंग्विनने घाईघाईने मान हलवली. पुढचा फोन एका छोट्या मुलीचा होता.

“ताई, कावल्याचा आवाज फुटला.”

शेठ आता दारातून आत आले होते आणि मानेवरून हात फिरवून ‘बंद कर, बंद कर’ म्हणून खुणा करत होते. त्यांचा दुसरा हात प्रक्षेपणाच्या बटणापर्यंत पोचला आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी उन्नतीने तो घाबरतच स्पीकरवर घेतला.

“मी आक्का बोलतंय.”

शेठचा हात बटणावरच राहिला.

“धोंडे.”

“जी, आक्का,” आजीची बाहुली म्हणाली. धोंडूबाईंचा हात अजून तिच्यातच होता.

“शपथ कोनाची घेतली होतीस?”

“गावदेवीची.”

“तिचं तू बघ नि ती बघंल. मना सांग, नागकेशर कुठं गेलं?”

बाहुलीने मान खाली घातली. “विसरली, आक्का.”

“विसरली म्हने! आता माझ्या नावावर गावभर बिननागकेशराचा मसाला कुटतील, आनि माझ्या नावाला बोल लावतील. सांगायचं तर नीट सांगायचं. ए पोरी, लिवून घे. नागकेशर दोन चमचे. तांदूल मूठभर न्हाय, धोंडीची मूठ केवढी ती! ओंजलभर. आनि खारबावच्या त्या बाईला सांग, चनाडालीने मसाल्याला किडे लागतात. तांदूल वर्सभर टिकतो. तिला पटत नसंल तर दोनी करून बगावं आनि मना पाठवावं.”

कुणालने डोळे मिटले होते. ओठांतल्या ओठांत तो ‘हेच, हेच’ म्हणत होता.

“केसरी तिथं हाय ना?” आक्कांनी विचारलं.

“आहेत,” उन्नती म्हणाली.

“त्याला सांग, बटनावरचा हात काढ. माझं झालं न्हाय.”

त्या शुक्रवारी रात्रीचा सिनेमा उशिरा लागला आणि कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला फोन लागतच नव्हता. आक्कांनंतर हौसाने पुन्हा फोन करून किड्यांचा आरोप फेटाळला. तिच्यानंतर कोनच्या एका बाईने दगडफुलावरून दोघींनाही नावं ठेवली. शेवटचा फोन पार्वतीचा होता, घरातूनच, हळू आवाजात. ओंजळ सपाट की शिगेची, एवढंच तिला विचारायचं होतं.

दिवा विझल्यावर शेठ खुर्चीवर बसले.

“हळद रविवारी लावू,” मग ते म्हणाले. “आक्का बोलल्या, पुढच्या शुक्रवारी कोण काय बोलतंय ते त्यांना बघायचंय. चालू ठेव तुझा तो… काय तो.”

“पेंग्विन.”

“जो काय कावळा हाय तो.”

धोंडूबाई बाहुली घडी करून ट्रंकेत ठेवत होत्या. उन्नतीला एकदम हसू आलं आणि ते थांबेना, म्हणून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. कुणाल मागोमाग आला. तो खूश होता, पण त्याला काहीतरी टोचत होतं.

“उत्तम झालं. पण उन्नतीताई, अख्ख्या कार्यक्रमात सॉफ्टवेअर हा शब्द एकदाही आला नाही.”

उन्नतीने आठवून पाहिलं. खरंच आला नव्हता.

“आणि त्या झोलरने आपल्याला जिथे आणून ठेवलं, तिथेच आपण राहिलो,” तो म्हणाला. “लोक मसाला कुटतील. कम्प्युटरचं काय?”

पुढच्या शुक्रवारसाठी उन्नतीने पेंग्विनची चोच आणखी आखूड केली.

तो शुक्रवार आला. आक्का स्टुडिओतच येऊन खुर्ची धरून बसल्या होत्या, वासासाठी मसाल्याची बरणी मांडीवर घेऊन. पहिला फोन वाजला.

“ताई, मी मेघाली.”

कॅमेऱ्यामागे कुणाल ताठ बसला. आईने क्लासातून नाव काढलेली मुलगी.

“आईने मला सरांच्या क्लासात परत घातलं. सरांना बोलली, आक्कांच्या मसाल्यासारखं असंल तर आतलं पण दाखवा. मग सरांनी चित्रं काढायच्या प्रोग्रॅमचं आतलं उघडून दिलं. त्यात पेंग्विन येतो ना, तिथं मी नाव बदललं. आता तो आला की खाली ‘कावळा’ असं येतं. चालतं ना?”

उन्नतीने कॅमेऱ्यामागे पाहिलं. कुणालने इतकी वर्षं लोकांना ‘बदला, बदला’ म्हणून सांगितलं होतं आणि त्याच्या क्लासात आजवर कुणी एक अक्षर बदललं नव्हतं. त्याने स्वतःसुद्धा. दारातून शेठ, खुर्चीवरून आक्का, सगळे त्याच्याकडे बघत होते.

“चालतं,” शेवटी पेंग्विन कॅमेऱ्यामागून, कुणालच्या आवाजात म्हणाला. “काय बदललं ते सांगितलंस, हे बरं केलंस.”

“बघ, मी बोललेली ना,” मेघाली फोन न ठेवताच शेजारी कुणाला तरी म्हणाली. “कावलाच हाय.”